अन्न जंतू मारतं, पण कुठे?

पावसाळ्यात पर्लकोटा फुगली की गडचिरोलीतल्या भामरागडच्या पुलावरून पाणी वाहू लागतं आणि नदीपलीकडची गावं तुटतात. पर्लकोटा, पामुलगौतम आणि इंद्रावती या तीन नद्या इथे एकत्र येतात. इंद्रावतीलाच पूर असला की बाकीच्या दोघींच्या पाण्याला पुढे वाट राहत नाही, ते मागे तुंबतं. नदीच्या अलीकडे, हेमलकशाला, लोक बिरादरी प्रकल्पाचा दवाखाना आहे. पलीकडे माडिया आदिवासींची गावं आहेत. अशा दिवसांत पलीकडे कुणाच्या पायाला कुऱ्हाड लागली, पोर तापलं किंवा घरात जुलाब सुरू झाले, तर हाताशी असतं ते घरातलंच: हळद, लसूण, रानातला मध, चिंच, मीठ, आंबील.

हे पदार्थ जंतू मारतात, असं गडचिरोलीच्या जंगलात मानतात तसंच पुण्या-मुंबईच्या स्वयंपाकघरातही मानतात. मारतात का? हो, यातले बहुतेक खरोखर मारतात. पण ते कुठे मारतात, हे कळल्याशिवाय त्या ‘हो’चा उपयोग करता येत नाही, आणि चुकीच्या जागी केलेला उपयोग जिवावर बेततो. म्हणून एकेक पदार्थ घेऊन तो जंतूचं नेमकं काय करतो, ते पाहू.

सुरुवात मधापासून करतो, कारण या बाबतीत सगळ्यात भक्कम पुरावा मधाचाच आहे. या जंगलात उंच झाडांवर आणि कड्यांवर लटकणारं आग्या मोहोळ, झाडांच्या ढोलीत राहणारी सातेरी आणि झुडपावर लहानसं पोळं बांधणारी फुलोरी, अशा तिन्ही माश्यांचा मध मिळतो. माश्या फुलांतला पातळ रस आणतात, पंखांनी वारा घालून त्यातलं पाणी उडवतात आणि शेवटी उरतो तो सुमारे ८० टक्के साखर आणि १७ ते २० टक्के पाणी असलेला घट्ट मध. यातलं जवळजवळ सगळं पाणी साखरेने धरून ठेवलेलं असतं. जिवाणूला जगायला मोकळं पाणी लागतं. शुद्ध पाण्यासाठी हा मोकळेपणाचा आकडा १ धरला, तर बहुतेक रोगकारक जिवाणूंना ०.९ च्या वर लागतो. जखमांत पू करणारा स्टॅफिलोकोकस ऑरियस भारी चिवट, तो साधारण ०.८६ पर्यंत तग धरतो. मधात हा आकडा ०.६ च्या आसपास असतो. मधात पडलेल्या जिवाणूच्या अंगातलंच पाणी बाहेर ओढलं जातं आणि त्याची वाढ थांबते.

मधाचं दुसरं बळ म्हणजे आम्लता. गोडीमुळे ती जिभेला कळत नाही, पण मधाचा पीएच साधारण ३.२ ते ४.५ असतो. तिसरं बळ मला सगळ्यात विलक्षण वाटतं. मधमाशीच्या डोक्यातल्या ग्रंथींतून ग्लुकोज ऑक्सिडेज नावाचं एक विकर (एन्झाइम) मधात उतरतं. घट्ट मधात ते जवळजवळ निजलेलं असतं. मध पातळ झाला की ते जागं होतं, ग्लुकोजवर काम करतं आणि त्यातून ग्लुकोनिक आम्ल आणि हायड्रोजन पेरॉक्साइड तयार होतं. हायड्रोजन पेरॉक्साइड म्हणजे दवाखान्यात जखम धुवायला वापरतात तेच फेसाळणारं औषध. बाटलीतलं पेरॉक्साइड ओतलं की एकदम फेस येऊन संपतं आणि जास्त तीव्र असेल तर चांगल्या पेशींनाही इजा करतं. जखमेवर लावलेला मध मात्र जखमेतून झिरपणाऱ्या पाण्याने हळूहळू पातळ होत जातो आणि थोडं थोडं पेरॉक्साइड तासन् तास देत राहतो. घट्टपणा कमी झाला की साखरेचं बळ ओसरतं, आणि नेमकं त्याच वेळी पेरॉक्साइडचं काम सुरू होतं.

याची रुग्णांवर पद्धतशीर तपासणी झाली ती महाराष्ट्रातच, सोलापुरात. तिथल्या डॉ. वैशंपायन स्मृती वैद्यकीय महाविद्यालयातले शल्यविशारद डॉ. एम. सुब्रह्मण्यम यांनी भाजलेल्या १०४ रुग्णांचे दोन गट केले. ५२ जणांच्या जखमांवर मध लावला, ५२ जणांवर त्या काळी सगळीकडे वापरात असलेलं सिल्व्हर सल्फाडायझिन. १९९१ साली ब्रिटिश जर्नल ऑफ सर्जरीत निष्कर्ष छापून आले. मध लावलेल्या गटात ९१ टक्के जखमा सात दिवसांत जंतुमुक्त झाल्या, तर दुसऱ्या गटात अवघ्या ७ टक्के. जखमेत निरोगी लालसर मांस धरायला मधाने सरासरी ७.४ दिवस लागले, दुसऱ्या औषधाने १३.४. एका अभ्यासावर कुणी विसंबू नये, पण पुढे जगभरातल्या चाचण्या एकत्र करून पाहिल्या तेव्हाही वरवर ते मध्यम भाजलेल्या जखमा मधाने नेहमीच्या पट्ट्यांपेक्षा लवकर भरतात, हे टिकून राहिलं. न्यूझीलंडच्या मनुका मधाचा आज फार बोलबाला आहे. त्यात पेरॉक्साइडखेरीज मिथाइलग्लायऑक्झाल नावाचं आणखी एक जंतुनाशक भरपूर असतं. पण आपल्या सोलापूरच्या कामाची आठवण आपल्यालाच राहिलेली नाही, याची खंत वाटते.

आता मधाच्या मर्यादा. पेरॉक्साइड बनवणारं ते विकर उष्णतेने मरतं. मध उकळला, चहाच्या उकळत्या आधणात घातला किंवा महिनोन् महिने उन्हात ठेवला, की गोडी राहते पण पेरॉक्साइड बनवायची ताकद जाते. रानातला मध पिळून काढलेला असतो, त्यात पाणी जास्त असू शकतं. पाणी २० टक्क्यांच्या पुढे गेलं की साखर पचवणारे किण्वाणू जागे होतात आणि मध आंबतो. जखमेसाठी दवाखान्यात वापरतात तो मध गॅमा किरणांनी निर्जंतुक केलेला असतो. त्याचं कारण असं की, मधात जिवाणू वाढत नाहीत, पण काही जिवाणूंचे बीजाणू नुसते पडून राहू शकतात. क्लॉस्ट्रिडियम बोट्युलिनम हा त्यांतला सगळ्यात वाईट. मोठ्या माणसाच्या आतड्यात आधीच इतर जिवाणूंची गर्दी असते, तिथे या बीजाणूंना रुजायला जागा मिळत नाही. तान्ह्या बाळाच्या आतड्यात ती गर्दी अजून झालेली नसते. तिथे ते रुजतात, विष तयार करतात आणि बाळाचे स्नायू लुळे पडत जातात. हा आजार १९७६ साली कॅलिफोर्नियात पहिल्यांदा ओळखला गेला. बाळ जन्मल्यावर त्याच्या जिभेवर मधाचं बोट ठेवायची चाल आपल्याकडे सर्व थरांत आहे, शिकल्या-सवरल्या घरांतही. ती मोडायलाच हवी. वर्षाखालच्या बाळाला मध अजिबात नाही, थेंबभरही नाही.

मधावर इतका वेळ थांबलो, कारण बाकीच्या पदार्थांचं शास्त्र बरंचसं याच्यातच येऊन गेलं. पाणी काढून घेणं आणि आम्लता वाढवणं, या दोन युक्त्यांवर जंगलातली सगळी साठवण तगून आहे. उन्हाळ्यात नदीचं पाणी आटलं की धरलेले मासे वाळवतात. चुलीच्या वर टांगलेलं मांस धुराने वाळतं, आणि लाकडाच्या धुरातले फिनॉलसारखे पदार्थ त्यावर बसून जिवाणूंना आणखी अडवतात. मार्च-एप्रिलात वेचलेली मोहाची फुलं रसरशीत असतात, तशीच ठेवली तर दोन दिवसांत आंबतील. अंगणात कडकडीत वाळवली की वर्षभर टिकतात. मीठ लावणं हाही पाणी बांधून ठेवण्याचाच प्रकार.

आम्लाचं काम थोडं वेगळं चालतं. चिंचेत टार्टारिक आम्ल असतं. अंबाडीची पानं आणि बोंडं आंबट असतात. आंबिलीत मात्र आम्ल बाहेरून घालत नाहीत, ते तयार होतं. ज्वारीचं किंवा नाचणीचं पीठ पाण्यात कालवून रात्रभर ठेवलं की हवेत आणि पिठातच असलेले लॅक्टिक आम्ल बनवणारे जिवाणू वाढतात. सकाळपर्यंत पीएच ४ च्या आसपास उतरतो. असं आम्ल जिवाणूच्या कवचातून आत शिरतं आणि आत गेल्यावर फुटून आतली आम्लता वाढवतं. ते बाहेर फेकण्यातच जिवाणूची सगळी ऊर्जा खर्च होते आणि तो वाढू शकत नाही. हगवणीचे आणि विषबाधेचे बरेच जिवाणू या आम्लतेत टिकत नाहीत. टांझानियात लहान मुलांना रोज अशी आंबवलेली पेज देऊन पाहिली, तेव्हा त्यांच्या शौचातले रोगकारक जिवाणू कमी झाल्याचं आढळलं. मला विचाराल तर घरातल्या सगळ्या ‘जंतुनाशक’ पदार्थांत आंबिलीचं काम सर्वांत मोठं आहे, आणि तिचं नाव सर्वांत कमी घेतलं जातं. तिला लागतं एवढंच: स्वच्छ पाणी, घासलेलं मडकं आणि आंबल्यानंतर नीट शिजवणं.

लसणाची गोष्ट वेगळी. अख्ख्या पाकळीत जंतू मारणारं फारसं काही नसतंच. तिच्यात ॲलीन नावाचा निरुपद्रवी पदार्थ एका कप्प्यात आणि ॲलीनेज हे विकर दुसऱ्या कप्प्यात असतं. पाकळी ठेचली, चावली किंवा चिरली की कप्पे फुटतात, दोन्ही एकत्र येतात आणि काही सेकंदांत ॲलिसिन तयार होतं. लसणाचा तो झणझणीत वास त्याचाच. १९४४ साली अमेरिकेतल्या कॅव्हॅलिटो आणि बेली यांनी ते वेगळं काढलं. ॲलिसिन प्रथिनांमधल्या गंधकाला जाऊन चिकटतं आणि जिवाणूची विकरं बंद पाडतं. म्हणून पाकळ्या अख्ख्या उकळत्या तेलात टाकल्या तर विकर आधीच मरतं आणि ॲलिसिन बनतच नाही. ठेचून दहा मिनिटं ठेवल्या तर बनतं. पाट्यावर वाटलेली कच्ची लसूण-मिरचीची चटणी या हिशेबाने फोडणीपेक्षा वरचढ आहे.

पण ॲलिसिन टिकत नाही. काही तास, फार तर काही दिवस, मग ते विरून जातं. आणि लसूण जमिनीखाली वाढतो, त्याच्या सालीला मातीतले बोट्युलिनमचे बीजाणू चिकटलेले असतात. १९८५ साली कॅनडातल्या व्हँकूवरमध्ये एका उपाहारगृहात तेलात ठेवलेल्या चिरलेल्या लसणामुळे ३६ जणांना बोट्युलिझम, म्हणजे याच जिवाणूच्या विषाचा आजार, झाला. तेलाने हवा अडवली, आम्ल नव्हतं, गारवा नव्हता, आणि ज्याला जगभर जंतुनाशक म्हणतात त्या लसणातच जिवाणू वाढला. आपल्या लोणच्यात लसूण असतो तेव्हा त्याच्यासोबत भरपूर मीठ आणि लिंबाचा किंवा कैरीचा आंबटपणा असतो. लोणचं टिकतं ते या दोघांच्या जोरावर. घरी लसणाचं नुसतं तेल करून बाहेर ठेवत असाल तर ती सवय सोडा.

हळदीबद्दल आपल्याला अभिमान आहे आणि त्याला कारणही घडलं. १९९५ साली अमेरिकेतल्या मिसिसिपी विद्यापीठाच्या वैद्यकीय केंद्राला जखम भरण्यासाठी हळद वापरण्याचं पेटंट मिळालं. डॉ. रघुनाथ माशेलकर तेव्हा वैज्ञानिक आणि औद्योगिक संशोधन परिषदेचे महासंचालक होते. परिषदेने जुने ग्रंथ आणि लेख धरून ३२ संदर्भ पुढे केले आणि १९९७ साली ते पेटंट रद्द झालं. या लढाईत सिद्ध झालं ते हे, की ही माहिती आपल्याकडे जुनी आहे, तिच्यावर नवीन शोध म्हणून कुणाला हक्क सांगता येणार नाही. हळदीने किती जंतू मरतात याचा निकाल त्या खटल्यात लागलेला नाही, तरी तो लागला असं समजून लोक बोलतात.

तो निकाल प्रयोगशाळेत असा पाहतात. काचेच्या बशीत आगरचा थर ओततात, त्यावर जिवाणू पसरतात, मधोमध पदार्थाचा थेंब ठेवतात. दुसऱ्या दिवशी थेंबाभोवती जिवाणू न वाढलेलं स्वच्छ वर्तुळ दिसलं, तर तो पदार्थ जंतू मारतो किंवा निदान त्यांची वाढ रोखतो. हळद, लसूण, लवंग, दालचिनी, मध, सगळ्यांभोवती असं वर्तुळ दिसतं. ‘वैज्ञानिकांनी सिद्ध केलं’ म्हणून जे काही आपल्या फोनवर येतं, त्यातलं बरंचसं या वर्तुळापाशी संपतं. पण बशीत जो थेंब होता तो पोटात गेल्यावर काय होतं? हळदीतला मुख्य घटक कर्क्युमिन. स्टॅफिलोकोकसला रोखायला मिलिलिटरमागे शंभरएक मायक्रोग्रॅम किंवा त्याहून जास्त कर्क्युमिन लागल्याचं प्रयोगांत दिसतं. माणसांना दिवसाला आठ ग्रॅम शुद्ध कर्क्युमिन दिलं तेव्हा रक्तात ते मिलिलिटरमागे एका मायक्रोग्रॅमलाही पोचलं नाही. आतडं ते नीट शोषत नाही, शोषलेलं यकृत लगेच बदलून टाकतं. आणि आठ ग्रॅम कर्क्युमिन म्हणजे किती हळद? हळदीत ते साधारण ३ टक्के असतं. वर्ध्याच्या वायगाव हळदीसारख्या चांगल्या वाणात जास्त, तरीही दुधातल्या अर्ध्या चमच्याने रक्तातले जंतू मारण्याचा हिशेब जुळतच नाही. मूठभर मीठ तोंडात घेतलं तर जीभ भाजते, तीच मूठ विहिरीत टाकली तर पाणी खारट होत नाही.

प्रतिजैविकाचं वेगळेपण इथेच आहे. पेनिसिलिन जिवाणूची भिंत बांधण्याचं काम मोडतं, आणि आपल्या पेशींना तशी भिंतच नाही. म्हणून ते रक्तात मारक प्रमाणात पोचवता येतं आणि रोग्याला सोसतं. ॲलिसिनला जिवाणूचं प्रथिन आणि आपलं प्रथिन यात भेद करता येत नाही, रक्तात शिरताच ते वाटेत भेटेल त्याला चिकटून संपतं. हळदीचं दूध घशाला बरं वाटतं, झोप लागते, अवश्य प्यावं. न्यूमोनिया त्याने जात नाही.

गरम प्रदेशांत मसाले जास्त का खातात, याचंही उत्तर जंतूंत शोधलं गेलं. १९९८ साली कॉर्नेल विद्यापीठातल्या बिलिंग आणि शर्मन यांनी ३६ देशांच्या साडेचार हजारांवर पाककृती तपासून म्हटलं, की उष्ण देशात अन्न लवकर नासतं, म्हणून तिथे जंतू मारणारे मसाले रुजले. कल्पना मोहक होती. २०२१ साली लिंडेल ब्रोमहॅम आणि सहकाऱ्यांनी ३३ हजारांहून जास्त पाककृती घेऊन पुन्हा पाहिलं, तेव्हा जंतुसंसर्गाशी मसाल्यांचा थेट संबंध दिसला नाही. मला हे दुसरं उत्तर जास्त पटतं. माडिया जेवणात मसाले तसेही थोडेच. तिथे अन्न टिकवलं जातं वाळवून आणि आंबवून.

लाल मुंग्यांची चटणी भामरागड आणि पलीकडच्या बस्तरात आवडीने खातात. झाडाची पानं विणून घर करणाऱ्या या मुंग्यांत फॉर्मिक आम्ल असतं, तोच तिचा आंबटपणा. प्रथिनंही चांगली. ओडिशातल्या मयूरभंजच्या अशाच चटणीला २०२४ साली भौगोलिक मानांकन मिळालं. ती तापावर औषध म्हणूनही खातात, आणि तिथे मला भीती वाटते. या जंगलातला ताप पुष्कळदा फाल्सिपेरम मलेरियाचा असतो. तो जिवाणूचा आजारच नाही, डासाने रक्तात सोडलेल्या परजीवीचा आहे. मेंदूपर्यंत गेला तर एक-दोन दिवसांत माणूस बेशुद्ध होतो. २३ डिसेंबर १९७३ ला बाबा आमट्यांनी हेमलकशाला लोक बिरादरी सुरू केली. डॉ. प्रकाश आणि डॉ. मंदाकिनी आमटे यांनी वीज नसलेल्या जागी दवाखाना उभा केला, तेव्हा त्यांच्यासमोर अस्वलाने फाडलेल्या माणसांच्या बरोबरीने मेंदूच्या मलेरियाचे रोगी होते. त्यांना वाचवलं ते क्विनीनने.

जुलाबात तर जंतू मारण्याची घाई बहुतेक वेळा नसतेच. मूल दगावतं ते अंगातलं पाणी आणि क्षार गेल्याने. एक लिटर स्वच्छ पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ, किंवा मीठ घातलेली पातळ भाताची पेज, हेच पहिलं औषध. चमचा चहाचा, आणि मीठ जास्त पडू द्यायचं नाही. पूर असो वा नसो, हे प्रत्येक घरात असतं.

आणि आता नवजात बाळ, जिथे चूक करायला वेळच मिळत नाही. गडचिरोलीतच ‘सर्च’ संस्थेचे डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी ३९ गावांत गावच्याच बायकांना आरोग्यदूत म्हणून शिकवलं. रक्तात जंतू पसरलेलं बाळ ओळखायचं, त्याला घरीच जेंटामायसिनचं इंजेक्शन आणि कोट्रायमोक्साझोलचं औषध द्यायचं. हे काम १९९९ साली लॅन्सेटमध्ये आलं. उपचार सुरू होण्याआधी अशा जंतुसंसर्गात शंभरातली १६ ते १७ बाळं दगावत, नंतर तीनच्या आत आली. एकूण नवजात मृत्यू तिसऱ्या वर्षी ६२ टक्क्यांनी कमी झाले. त्याच गावांत हळद, मध, लसूण आधीपासून होतेच. फरक पडला तो वेळेवर ओळखण्याने आणि रक्तापर्यंत पोचणाऱ्या औषधाने.

म्हणून वाचणाऱ्या प्रत्येकाला हात जोडून सांगणं आहे. लहानसहान खरचटलं तर आधी साबणाने आणि स्वच्छ वाहत्या पाण्याने धुवा. उघड्या, खोल जखमेत डब्यातली हळद भरू नका, तिच्यात मातीतले जंतू असू शकतात, आणि धनुर्वाताची लस घ्या. बाळाची नाळ कोरडी ठेवा, डॉक्टरांनी सांगितल्याखेरीज तिला हळद, तेल, राख काही लावू नका. ताप आला की रक्त तपासून घ्या. बाळाने दूध ओढणं सोडलं, रडणं क्षीण झालं, हातपाय ढिले पडले, अंग गार किंवा फार गरम लागलं, श्वास मिनिटाला ६० किंवा त्याहून जास्त वेगाने चालला, यातलं एकही दिसलं तर घरात काही चाटवत बसू नका. आशाताईंना बोलवा आणि त्याच तासाला दवाखान्याच्या वाटेला लागा. तुमचं गाव पावसात तुटत असेल आणि घरात दिवस भरत आलेली बाई असेल, तर नदी चढायच्या आधीच तिला दवाखान्याजवळ नेऊन ठेवा.